सल्ला देणारी इंग्रजी : शुड, मस्ट आणि आपले ‘नको’

आमच्या बौद्धवाडीतील विहारात दर रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की दीड तास इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे काय, तर पंधरा-वीस मुले-मुली, एक फळा, आणि शिकवायला माझ्यासारखा कचेरीतला कारकून. मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बी. कॉम. झालो, नोकरीत पत्रव्यवहार करता करता जी इंग्रजी हाती लागली ती मुलांना सांगतो, एवढेच. परंतु मागच्या हंगामात आमच्या वर्गातील एका मुलाने एक प्रसंग सांगितला आणि त्या दिवसापासून माझी शिकवण्याची रीतच बदलली. तो प्रसंग आधी सांगतो.

मुलगा एकोणीस वर्षांचा. दहावीनंतर त्याची शाळा सुटली. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्या एका होडीवर तो काम करतो. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की तेथले पाणी समुद्राकडे जोराची ओढ घेते. वरून पाहिले तर पाणी शांत, जेमतेम कमरेइतके. पण पायाखालची वाळू सरकू लागते आणि माणूस केव्हा आत खेचला गेला ते त्याचे त्यालाच कळत नाही. हे आपल्याकडच्या लहान पोराला ठाऊक असते. पाहुण्याला कुठून ठाऊक असणार?

त्या दिवशी होडीत परप्रांतातील एक कुटुंब होते. वाळूच्या पट्ट्यावर होडी थांबली. मंडळींनी लाइफ जॅकेट काढून ठेवले आणि ती पाण्याकडे निघाली. ओहोटी नुकतीच लागली होती. मुलाच्या मनात आपल्या मालवणीतले वाक्य आले, “हय उतराक नको.” ते त्याने इंग्रजीत केले आणि मोठ्या धीराने म्हणाला, “सर, यू नीड नॉट गो इन द वॉटर हिअर.” पाहुणे हसले, “नो प्रॉब्लेम” म्हणाले आणि उतरले.

पुढे जे व्हायचे तेच झाले. दोघांना ओढ लागली. होडीवरच्या माणसांनी दोर टाकून त्यांना बाहेर काढले म्हणून बरे, कोणाच्या जिवावर बेतले नाही. पण किनाऱ्याला आल्यावर ते गृहस्थ त्या मुलावर खूप रागावले. म्हणाले, “यू शुड हॅव टोल्ड अस!” म्हणजे, तू आम्हाला सांगायला हवे होतेस.

रविवारी वर्गात तो मुलगा मला विचारीत होता, “काका, मी तर सांगितले होते. मग ते उतरले कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर देता देता मलाच बरेच शिकायला मिळाले. तेच आज आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका ‘नको’चे दोन अर्थ

आपल्या मराठीत ‘नको’ हा एकच शब्द दोन कामे करतो. “आज बाजारात जायला नको, भाजी घरात आहे.” येथे ‘नको’ म्हणजे गरज नाही. गेलात तरी बिघडत नाही. “त्या विहिरीवर एकट्याने जायला नको, काठ खचला आहे.” येथे ‘नको’ म्हणजे जाऊच नका. शब्द तोच, अर्थ अगदी वेगळा. आपण ऐकणारे एकाच वाडीतले असतो. प्रसंग पाहून, आवाज ऐकून आपल्याला नेमके काय ते कळते.

इंग्रजीत मात्र या दोन ‘नको’साठी दोन वेगळी दारे आहेत. गरज नाही असे सांगायचे असेल तर ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टू’. करूच नका असे सांगायचे असेल तर ‘मस्ट नॉट’. आमच्या मुलाने चुकीचे दार उघडले. “यू नीड नॉट गो” याचा पाहुण्यांनी घेतलेला अर्थ असा की, उतरलेच पाहिजे असे काही नाही, तुमची मर्जी. त्यांची मर्जी होती, ते उतरले! मुलाने म्हणायला हवे होते, “यू मस्ट नॉट गो इन. द टाइड इज गोइंग आउट.” उतरू नका, ओहोटी लागली आहे.

ही चूक होडीवरच होते असे समजू नका. दवाखान्यातून घरी सोडताना हातात जो कागद देतात, त्यावर एका गोळीपुढे ‘नीड नॉट’ आणि दुसऱ्या गोळीपुढे ‘मस्ट नॉट’ असू शकते. “यू नीड नॉट टेक धिस टॅब्लेट इफ देअर इज नो पेन,” म्हणजे दुखत नसेल तर ही गोळी घेण्याची गरज नाही. “यू मस्ट नॉट स्टॉप धिस टॅब्लेट,” म्हणजे ही गोळी बंद करायचीच नाही, बरे वाटले तरी नाही. घरात वाचणाऱ्याने दोन्हींचा अर्थ ‘नको’ असा लावला, तर म्हाताऱ्या माणसाच्या रक्तदाबाची किंवा क्षयाची गोळी बंद व्हायला कितीसा वेळ लागतो?

‘नको’ची जी गत तीच ‘पाहिजे’ची. त्याची गोष्ट माझी स्वतःची आहे. नोकरीला लागलो तेव्हा पहिला रजेचा अर्ज मी इंग्रजीत लिहिला. गाइडमध्ये पाठ केले होते, मस्ट म्हणजे पाहिजे. मला रजा मिळाली पाहिजे, म्हणून मी लिहिले, “यू मस्ट सँक्शन माय लीव्ह.” साहेबांनी तो अर्ज मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. सगळे हसले. कशासाठी हसले हेही मला त्या दिवशी कळले नाही. कारकुनाने साहेबाला हुकूम सोडला होता! “आय रिक्वेस्ट यू टू सँक्शन माय लीव्ह” एवढे लिहिले असते तर काम झाले असते. त्या वेळी कोणी बाजूला घेऊन दोन शब्द समजावून सांगितले असते, तर पुढची कित्येक वर्षे इंग्रजी अर्ज लिहिताना माझा हात कापला नसता. आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला तो या हसण्यातून.

सारा जगव्यवहार एकाच ‘यू’मध्ये

मराठीत आदर दाखवायला आपल्याकडे सर्वनामे आहेत. धाकट्याला तू, मोठ्याला तुम्ही, सभेत आपण. या तीन शब्दांनी आपल्या माणसांना किती दुखवले आहे ते जुन्या पिढीला विचारा. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांच्या पोराने ‘अरे-तुरे’ करायचे आणि म्हाताऱ्याने हात जोडून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे, हा आपला कालपरवापर्यंतचा इतिहास आहे.

आजच्या बोलीतील इंग्रजीत खोताला ‘यू’ आणि कुळालाही ‘यू’. मालकाला ‘यू’, गड्यालाही ‘यू’. याचा अर्थ इंग्रज मोठे समतावादी होते असा मुळीच नाही. राज्यकर्ते म्हणून त्यांनी काय केले ते आपण जाणतो. परंतु त्यांच्या भाषेची रचना अशी झाली आहे की, आदर, आर्जव, आग्रह, सक्ती या सगळ्या छटा सर्वनामात न येता क्रियापदात येतात. ‘यू’ बदलत नाही, त्यापुढचा कुड, शुड, मस्ट बदलतो. या शब्दांना व्याकरणात मोडल ऑक्झिलरी, म्हणजे साहाय्यक क्रियापदे म्हणतात. ती चुकली की आपण उद्धट तरी ठरतो, नाहीतर लाचार तरी.

वर्गात मी हे समजावीत होतो तेव्हा मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. नातवासाठी थांबल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, “आमका कोणी सल्लो देवक नाय. हुकूमच दिल्यानी.”

वर्ग एकदम शांत झाला. केवढी खरी गोष्ट! आपल्या आजी-आजोबांच्या कानावर जी भाषा पडली ती ये, जा, उचल, ठेव अशी आज्ञेची होती, आणि त्यांच्या तोंडी जी होती ती होकाराची. हुकूम वरून खाली येतो, विनवणी खालून वर जाते. सल्ला मात्र दोन बरोबरीच्या माणसांत असतो. म्हणून सल्ला द्यायला शिकणे हे नुसते व्याकरण नाही. ताठ मानेने, पण समोरच्याचा मान राखून बोलायला शिकणे आहे.

आणि सल्ला देणे ही तर आपल्या धम्मातली मोठी गोष्ट. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृह नगरीत सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला दिशांच्या पूजेचा खरा अर्थ सांगितला, माणसांशी कसे वागावे ते सांगितले. त्यात चांगल्या मित्राचे चार प्रकार येतात, आणि त्यांतला एक आहे हिताचा सल्ला देणारा. तो वाईटापासून आवरतो, चांगल्याकडे वळवतो आणि आपण जे कधी ऐकले नाही ते ऐकवतो. आमचा होडीवरचा मुलगा त्या पाहुण्यांना हेच करू पाहत होता. मन मित्राचे होते, शब्द कमी पडला.

सल्ल्याच्या पायऱ्या

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे वळू. विहाराच्या पायऱ्या चढतो तशा या सल्ल्याच्या पायऱ्या समजा. खालची मऊ, वरची सक्त. मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाचून घ्या.

पहिली पायरी, कुड आणि माइट. “यू कुड टेक द फर्स्ट बस.” तुम्ही पहिल्या एस.टी.ने जाऊ शकता. येथे फक्त मार्ग दाखवला आहे. जायचे की नाही ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. वडीलधाऱ्यांना, साहेबांना, अनोळखी माणसाला सल्ला देताना ही पायरी बरी. “यू माइट वॉन्ट टू चेक धिस बिल अगेन.” हे बिल पुन्हा एकदा पाहता का, असा त्याचा सूर आहे.

दुसरी पायरी, “इफ आय वेअर यू.” मी तुमच्या जागी असतो तर. “इफ आय वेअर यू, आय वुड फिनिश द कोर्स.” तुझ्या जागी मी असतो तर कोर्स पूर्ण केला असता. मैत्रीतला सल्ला असाच असतो. ‘आय’ असूनही येथे ‘वॉज’ न म्हणता ‘वेअर’ म्हणायची रीत आहे, हे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी, शुड आणि ऑट टू. “यू शुड टेक रेस्ट.” तुम्ही विश्रांती घ्यायला हवी. सल्ल्याचा खरा शब्द हाच. रोजच्या बोलण्यात शुड अधिक चालतो. ऑट टू थोडा भारदस्त असून त्यात कर्तव्याची छटा असते. “वी ऑट टू हेल्प देम.” त्यांना मदत करणे आपले कर्तव्य आहे.

चौथी पायरी, हॅड बेटर. “यू हॅड बेटर सी अ डॉक्टर टुडे.” आज डॉक्टरांकडे गेलेले बरे. नाहीतर त्रास होईल, हे न बोलता त्यात आलेच. आपल्या मालवणीत “आता गेलला बरा” म्हणतो, अगदी तसे. मात्र वरिष्ठांना हा शब्दप्रयोग वापरू नये. त्यांना ती धमकी वाटू शकते.

पाचवी पायरी, हॅव टू आणि मस्ट. “यू मस्ट वेअर अ लाइफ जॅकेट.” लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे. येथे मर्जीचा प्रश्न नाही. जिवाचा, कायद्याचा किंवा नियमाचा प्रश्न असेल तेव्हा ही पायरी चढावी, आणि तेव्हा संकोच करू नये. पाहुणे कितीही बडे असोत, पाण्यावर ‘प्लीज’ आणि ‘मस्ट’ दोन्ही एका वाक्यात शोभतात. “प्लीज, यू मस्ट सिट डाउन.”

या पाच पायऱ्यांच्या शेजारी आपले दोन ‘नको’ लिहून ठेवा. नीड नॉट, म्हणजे गरज नाही. मस्ट नॉट, म्हणजे करूच नका. आमच्या विहाराच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात हे दोन शब्द आम्ही कायमचे लिहून ठेवले आहेत. फळा पुसतात, तो कोपरा कोणी पुसत नाही.

‘शॅल’ आणि ‘मे’ : संविधानातले दोन शब्द

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याने आपले संविधान उघडून पाहावे.

परमपूज्य बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. संविधानाच्या इंग्रजी मसुद्यात ‘शॅल’ आणि ‘मे’ हे दोन शब्द पानोपानी आहेत. सर्वसाधारणपणे ‘शॅल’ म्हणजे करावेच लागेल, आणि ‘मे’ म्हणजे करता येईल, अधिकार आहे. संदर्भ पाहून न्यायालये अर्थ लावतात हे खरे, पण वाचणाऱ्याने सुरुवात येथून करावी. कलम ३३८ मध्ये अनुसूचित जातींसाठी आयोग असेल, असे ‘शॅल’ घालून म्हटले आहे. कलम ३४० मध्ये मागासवर्गीयांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी राष्ट्रपती आयोग नेमू शकतील, असे ‘मे’ घालून म्हटले आहे.

पुढे काय झाले? १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा आपल्या निवेदनात त्यांनी तक्रार केली की, संविधान होऊन वर्ष उलटले तरी सरकारने मागासवर्गीयांसाठी हा आयोग नेमलेला नाही. काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग नेमला गेला तो १९५३ मध्ये. दुसरा, मंडल आयोग, १९७९ मध्ये. त्याच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा व्हायला १९९० साल उजाडले. हे सारे एका ‘मे’मुळे घडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यात राजकारण होते, इच्छाशक्तीचा अभाव होता. परंतु ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यापुढे ‘मे’ ठेवले तर तो किती काळ स्वस्थ बसू शकतो, हे यातून दिसते. म्हणून अर्ज, जाहिरात, शासन निर्णय यांची इंग्रजी प्रत हातात आली की शॅल, मस्ट, मे यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. कोणता कागद जोडलाच पाहिजे आणि कोणता जोडला तर चालेल, हे तेथेच कळते. जातीच्या दाखल्याच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात या एका शब्दावर मुलाचे वर्ष अडू शकते.

आणि ‘शॅल’चे आणखी एक रूप आपल्या अगदी जवळचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांची इंग्रजी भाषांतरे पाहिली तर वाक्य सुरू होते ते ‘आय शॅल’ असे. जुन्या इंग्रजी व्याकरणात “यू शॅल” म्हणजे हुकूम. पण प्रतिज्ञेत ‘यू’ नाही, ‘आय’ आहे. कोणी आपल्याला सांगितले नाही की तू असे करू नकोस. आपण स्वतः उभे राहून म्हणालो, मी असे करणार नाही. पंचशीलही तसेच. ‘समादियामि’ म्हणजे मी ग्रहण करतो. तेथे ‘मस्ट नॉट’ लावणारा कोणी वर बसलेला नाही. ज्या समाजाला शतकानुशतके हुकूम ऐकावे लागले, त्याच्या हाती बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली. साहाय्यक क्रियापदांचा याहून मोठा धडा कोणता असेल?

समुद्राच्या कडेचे वाक्प्रचार

आता थोडे हलके घेऊ. इंग्रजी वाक्प्रचार पाठ करताना मुले कंटाळतात, कारण त्यातले चित्र त्यांनी पाहिलेले नसते. पण इंग्रज हे दर्यावर्दी लोक. त्यांचे कितीतरी वाक्प्रचार होडीवरचे आहेत. ते चित्र आपल्या सिंधुदुर्गातल्या मुलांनी रोज पाहिलेले असते.

‘लर्न द रोप्स.’ शिडाच्या जहाजावर कोणता दोर कशासाठी, हे नव्या खलाशाला आधी शिकावे लागे. त्यावरून अर्थ झाला, कामातल्या खाचाखोचा शिकणे. “यू शुड लर्न द रोप्स बिफोर यू स्टार्ट युअर ओन शॉप.” स्वतःचे दुकान टाकण्यापूर्वी धंद्यातले बारकावे शिकून घे.

‘टेस्ट द वॉटर्स.’ उतरण्याआधी पाण्याचा अंदाज घेणे. घरात दोन खोल्या पर्यटकांसाठी काढायचा विचार असेल तर, “यू कुड टेस्ट द वॉटर्स विथ वन रूम.” आधी एका खोलीने सुरुवात करून पाहा.

‘स्टीअर क्लिअर ऑफ.’ पाण्याखालचा खडक टाळून होडी हाकणे, म्हणजे चार हात दूर राहणे. परदेशात नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारे दलाल येतात, त्यांच्याविषयी मुलांना सांगा, “यू मस्ट स्टीअर क्लिअर ऑफ सच एजंट्स.”

‘इन द सेम बोट.’ एकाच होडीत बसलेले, म्हणजे एकाच अडचणीत सापडलेले. “डोन्ट वरी, वी आर ऑल इन द सेम बोट.” काळजी करू नको, आपण सारेच त्यात आहोत.

‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन.’ वेळ आणि भरती-ओहोटी कोणासाठी थांबत नाहीत, असा अर्थ आपण सहज लावतो आणि तो आज चालतोही. पण गंमत अशी की जुन्या इंग्रजीत ‘टाइड’ म्हणजेही वेळच, काळच. भरती-ओहोटीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

होडीबाहेरचेही दोन-तीन सांगतो. ‘स्लीप ऑन इट’ म्हणजे त्याच्यावर झोपणे नव्हे. एक रात्र जाऊ द्या, सकाळी ठरवा. “यू शुड स्लीप ऑन इट बिफोर यू साइन द लोन पेपर्स.” कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक रात्र विचार करा. घाटातल्या पाटीवर ‘अति घाई संकटात नेई’ असे लिहिलेले असते, तोच हा सल्ला. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ म्हणजे वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो. फाटके जाळे विणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको! आणि ‘प्रॅक्टिस व्हॉट यू प्रीच,’ म्हणजे दुसऱ्याला सांगता तसे स्वतः वागा. हा मात्र आम्हा कार्यकर्त्यांनी आधी पाठ करावा.

नेहमीच्या चुका

वर्गात पुन्हा पुन्हा होणाऱ्या पाच चुका येथे देतो. कात्रण काढून ठेवावे.

एक, ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला, हे नाम. शेवटी ‘स’चा उच्चार. ‘ॲडव्हाइज’ म्हणजे सल्ला देणे, हे क्रियापद. शेवटी ‘ज’चा उच्चार. नामाचे अनेकवचन होत नाही. ‘मेनी ॲडव्हायसेस’ चूक. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर.

दोन, शुड आणि मस्ट यांच्यापुढे ‘टू’ लावू नये. ‘यू मस्ट टू गो’ चूक, ‘यू मस्ट गो’ बरोबर. ‘टू’ लागतो तो ऑट आणि हॅव यांना.

तीन, शुड आणि मस्ट यांच्यापुढे मूळ क्रियापद येते. ‘शी शुड गोज’ चूक, ‘शी शुड गो’ बरोबर.

चार, ‘आय सजेस्ट यू टू गो’ चूक. ‘आय सजेस्ट दॅट यू गो’ बरोबर. पण ‘आय ॲडव्हाइज यू टू गो’ हे बरोबर आहे.

पाच, ‘शुड हॅव’ म्हणजे करायला हवे होते. वेळ निघून गेल्यावरचा सल्ला. त्याचा उपयोग कमी आणि बोच जास्त. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला “यू शुड हॅव स्टडीड” ऐकवून काय मिळणार? “यू कॅन ट्राय अगेन” म्हणावे. तू पुन्हा प्रयत्न करू शकतोस.

घरी काय करावे?

आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून असे. आता घरोघर मोबाइल आहे, भाषांतरही तो करून देतो. पण तुमच्या मनात कोणता ‘नको’ आहे, हे तुम्हीच आधी ओळखायला हवे.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आपल्या मुलाला शिकवीत तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. ती पुस्तके ते मुलाकडून पाठ करून घेत, मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द शोधायला लावीत. निवृत्तीचे तुटपुंजे वेतन, चाळीतली खोली, पण अभ्यासात सवलत नाही. सावित्रीमाईंनी तर १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. त्या दोघांची आठवण ठेवून आपण एवढेच करू. रोज रात्री जेवणे झाली की घरात दिवसभर बोललेली पाच वाक्ये आठवायची. मालवणी असोत, मराठी असोत. “औषध घेवक व्हया.” “पावसात जाव नको.” “फी भरायला नको, माफ झाली.” एकाने वाक्य सांगायचे, दुसऱ्याने ते इंग्रजीत करायचे आणि तिसऱ्याने विचारायचे, हा सल्ला, सक्ती की नुसती सूट? आईला इंग्रजी येत नसेल तर तिने तिसऱ्याचे काम करावे. अर्थ तिलाच सर्वांत चांगला कळतो!

शेवटी त्या मुलाचे सांगतो. तो आता पाहुण्यांना “यू मस्ट नॉट” हे स्पष्टपणे सांगतो. होडीवर त्याने इंग्रजीत तीन ओळींची पाटीही लावली आहे. एके दिवशी मी त्याला वर्गानंतर थांबवून म्हणालो, “यू मस्ट अपिअर फॉर ट्वेल्फ्थ.” बारावीला बसलेच पाहिजेस. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “काका, मस्ट की शुड?”

मी गप्प झालो. त्याच्या घरची ओढाताण मला ठाऊक होती. हंगामात होडी सोडली तर घरात काय येणार, हा हिशेब त्याचा होता, माझा नव्हता. मी म्हणालो, “शुड. ठरवायचे तू.” दोन आठवड्यांनी तो आपण होऊन आला आणि बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म कसा भरायचा ते विचारू लागला. आम्ही दोघे विहाराच्या पायरीवर बसलो, आणि फॉर्ममध्ये जेथे सक्तीची सूचना होती तेथे त्यानेच पेन्सिलीने रेघ ओढली.

जय भीम! नमो बुद्धाय!